मशीनवरच्या बाईची सही

आबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

वसमतच्या या हळदीच्या कारखान्यात देखभाल खात्याच्या ज्या खोलीत तुम्ही बसायचात, तिथे आता मी बसते. तुमचं टेबल मी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं. त्या टेबलापुढे मशीन चालवणारी माणसं हात बांधून उभी राहायची आणि बशीतला चहा संपेपर्यंत तुम्ही मान वर करायचा नाहीत. तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा ते पाहून मला केवढा अभिमान वाटायचा. आता आठवलं की अंगाची लाहीलाही होते. अपघात झाला त्या दिवशीही मी तिथेच आहे. शिरडहून बसने येणारी, चक्कीवरची बाई सकाळपासून तिसऱ्यांदा आली आहे. "सायेब, चक्की येगळाच आवाज करून राहिली. एकडाव येऊन बघा नं." तुम्ही म्हणता, "तुला काय कळतं गं आवाजातलं? जा, कामाला लाग." दुपारी पट्टा तुटून उसळला आणि तिची दोन बोटं गेली. तुम्ही आईच्या हाती तिला साडी पाठवलीत. बोटांच्या बदल्यात साडी. आणि जेवताना म्हणालात, "माझी काई चूक न्हाई," आणि दुसरी भाकरी मागून घेतलीत.

म्हणून मी हे खातंच उलटं करून टाकलं. आपण दुकान मांडून बसलोय आणि मशीनवरची माणसं आपलं गिऱ्हाईक आहेत, असं फिटरांना बजावलं. मशीन बिघडल्याची चिठ्ठी आली की आपण उठून जायचं, किती वेळ लागेल ते आधी सांगायचं, आणि दुरुस्ती झाली की नाही ते आपण ठरवायचं नाही. चालवणारा मशीन चालवून बघेल, कान देईल, चिठ्ठीवर सही करेल, तेव्हाच काम संपलं. तुमच्या हाताखालचा म्हातारा फिटर अजून कुरकुरतो, "सायबाच्या टायमाला कोनाची सही लागत नव्हती." मी त्याला त्या बाईचं नाव विचारते. त्याला आठवत नाही. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

काल पॉलिशच्या ड्रमवरच्या पोरीने दोनदा सही नाकारली. "म्याडम, बराबर न्हाई अजून. आतून घरघर येऊन राहिली." बाहेर हळदीच्या गाड्या खोळंबलेल्या, मालकांचे फोनवर फोन, आणि मी म्हणाले, "तुला काय कळतं गं आवाजातलं?" तिने मान खाली घातली आणि सही करून दिली. पाच मिनिटांनी मीच धावत जाऊन ड्रम बंद केला, उघडून पाहिला. आतली पट्टी खरंच सुटत आली होती. ती बाजूला उभी राहून बघत होती. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यालाही जीभ रेटेना.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते बरंच आहे. घरी येताना मी बाजारात थांबले, आबा. तिच्यासाठी साडी घेतली.