गौरीचे दोन सोपे प्रयोग

उमाकांत,

तुझा फोन ऑफिसच्या गेटवर जमा असेल, म्हणून चिठ्ठी ठेवतेय. गौरीला घेऊन डोळ्यांच्या हॉस्पिटलात जातेय.

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलसाठी शाळेने दोन सोपे प्रयोग निवडून आणायला सांगितलेत. सकाळी आम्ही त्यासाठीच बसलो, तर ही व्हर्नियरची मोजपट्टी नको म्हणाली, भिंग नको, मीटरचा काटाही नको. मी चिडले. तेव्हा रडत म्हणाली, "आई, मला आकड्यांच्या मधल्या रेघा दिसतच नाहीत. दिवाळीपासून." आणि आपण दोघं तिला आळशी म्हणत होतो.

मग मी पाण्याच्या बादलीत पाइप धरून तिने शाळेतून आणलेला ट्यूनिंग फोर्क वाजवला. आवाज कुठे घुमतो ते तिने लगेच पकडलं, पण पट्टीवरचा आकडा तिला वाचता येईना. सगळं पुस्तक चाळलं रे. आकडा न वाचता संपणारा एकही प्रयोग नाही त्यात.

कुकरमध्ये भात आहे. तुझ्या ताईची नजर गेली तेव्हा आजाराचं नाव काय सांगितलं होतं? आल्या आल्या कळव. डॉक्टर विचारतील, आणि गौरीसमोर ताईंना फोन करून विचारणं मला जमणार नाही.

प्रतिमा