हकलबेरी तळ्यावरची चौदा नंबरची जागा

हकलबेरी तळं, आयडाहो
बुधवार, सप्टेंबरचा पहिला आठवडा

मेहुणेबुवा एल्डन यांना मर्लचा नमस्कार. गेली तीन वर्षं तो पाठवायचा राहून गेला, तेव्हा साठलेले सगळे एकदमच घ्या. तुमचा डावा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे (पाठ, दात आणि झोप सोडून). मार्चमध्ये नोरीनच्या दफनाच्या वेळी आपण शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होतो आणि यंदा बर्फ लवकर वितळला एवढंच एकमेकांशी बोललो. तुमची सख्खी बहीण आणि माझी बायको गेली होती, आणि आपण बर्फाबद्दल बोललो. त्याची मला लाज वाटते. फोनच करणार होतो, पण या दरीत फोन लागत नाही. लागला असता तरी तुम्ही उचलला नसता (मीही नसता उचलला).

तुम्हाला ठाऊकच आहे की, दर सप्टेंबरात आम्ही घरगाडी घेऊन हकलबेरीला येत असू. यंदा लग्नाला चाळीस वर्षं झाली असती, म्हणून मी ठरवलं की, काय वाटेल ते होवो, तो दिवस तळ्याकाठीच काढायचा. अडचण एकच. तळावर गाडी लावायची जागा आधीच धरून ठेवायचं इंटरनेटवरचं खातं नोरीनकडे होतं. सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला ती कॉम्प्युटरसमोर बसायची आणि आठ वाजून एक मिनिटाला उठायची. मला वाटायचं, एवढा काय उपद्व्याप, जंगलात झाडांची काय कमी आहे? आता कळलं. झाडं पुष्कळ आहेत, पण प्रत्येक झाडाखाली कोणीतरी आधीच खुर्च्या मांडून बसलेलं आहे. तिच्या खात्याचा पासवर्ड मला माहीत नाही. आमच्या कुत्र्याचं नाव घालून पाहिलं, माझं नाव घालून पाहिलं. कुत्र्याच्या नावाची मला जास्त आशा होती.

तर गुरुवारी तसाच निघालो. वाटेतल्या पहिल्या मुक्कामाच्या तळावर 'जो आधी येईल त्याची जागा' असा नियम होता. अशा ठिकाणी अकराला लोक जागा सोडतात, म्हणून दहापासूनच घिरट्या घालायच्या असतात. एक म्हातारं जोडपं गाडीबाहेरचं कापडी छत गुंडाळताना दिसलं. मी उतरून हात लावला, खुंट्या उपटल्या, सतरंजी झटकून दिली, त्यांच्या मांजराला पिंजऱ्यात घालताना दोन ओरखडेही घेतले. मग विचारलं, "निघता ना?" आजोबा म्हणाले, "छे हो, मंगळवारपर्यंत आहोत. मांजराला डॉक्टरकडे न्यायचंय आणि वारा सुटणार आहे म्हणाले, म्हणून आवरत होतो. तुम्ही फारच चांगले आहात बुवा." आजींनी दोन बिस्किटं दिली. बिस्किटं मऊ पडली होती.

संध्याकाळी एका गावातल्या चर्चच्या पाद्र्यांनी त्यांच्या आवारात गाडी लावू दिली. शुक्रवारी सकाळी पडदा सारला तर चारी बाजूंनी मोटारी. कोणाचीतरी अंत्यविधीची प्रार्थना होती. गाडी हलवणं शक्य नव्हतं, आणि बाहेर लोक काळ्या कपड्यांत उभे असताना आत अंडी तळत बसणं बरं दिसेना. म्हणून चपला घालूनच आत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मयताचं नाव हॉलिस. त्यांना मी ओळखत नव्हतो. पण दुसऱ्या भजनाला मला जे रडू कोसळलं ते आवरेना. मार्चमध्ये मी रडलो नव्हतो, हे तुम्ही पाहिलंच होतं (आणि मनात ठेवलंही असेल). नातेवाईक वळून बघायला लागले. बाहेर आल्यावर हॉलिसच्या बहिणीनं माझा हात धरला आणि ती म्हणाली, "हॉलिसचे तुम्ही इतके जिवलग मित्र होतात, आणि आम्हाला कधी बोललाच नाही तो." मग तिनंच मला बटाट्याचा भला मोठा ट्रे बांधून दिला. पाच दिवस झाले, तोच खातोय.

शनिवारी दुपारी इथे पोचलो. फाटकावर तळाची देखरेख करणाऱ्या ट्रूडीबाई. निवृत्त शिक्षिका, हातात यादी. "आरक्षण आहे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." माझा आवाज जरा चढलाच होता. त्यांनी नाव विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरगाड्यांची मैलाटाकी जिथे रिकामी करतात त्याच्या शेजारच्या खडीच्या मैदानावर मला पाठवलं. तिथून चौदा नंबरची जागा समोर दिसत होती, पाण्याला लागून, दरवर्षी आम्ही उतरायचो तीच. रिकामी. शेजारची पंधराही रिकामी. दोन्ही खांबांवर आरक्षणाच्या पिवळ्या चिठ्ठ्या अडकवलेल्या. जवळ जाऊन नावं वाचली नाहीत, उगाच जळायला नको म्हणून. पण रविवार दुपारपर्यंत त्या नावांना मी जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या उभ्या जन्मात कोणाला घातल्या नसतील. माणसं जागा अडवून ठेवतात आणि येत नाहीत, ह्यांना घरी कोणी शिकवलं की नाही, वगैरे. मैदानावरच्या इतर तिघांनाही मी चिथावलं.

आरक्षण सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणी फिरकलं नाही, तर जागा जाते. बाराला पाच कमी असताना ट्रूडीबाई चिठ्ठ्या काढायला आल्या, आणि मी सर्वांच्या आधी तिथे हजर. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "चौदा नंबर, नोरीन प्रूइट, चौदा दिवस. पंधरा नंबर, त्यांनीच घेतलेला, एल्डन स्टोकलीसाठी."

मी खाली बसलो. ट्रूडीबाई म्हणाल्या, "तुम्ही ओळखता यांना?" मी म्हटलं, "अहो, प्रूइट मीच. कालपासून मी यांनाच शिव्या देतोय." त्यांनी यादी मिटली आणि माझ्या शेजारी बसल्या. मग दोन्ही पिवळ्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या.

म्हणजे बघा, मार्चच्या सुरुवातीला, तीन आठवडेच उरले असताना, ती सकाळी आठला उठून बसली आणि आपल्या दोघांना शेजारशेजारची जागा धरून ठेवली. मला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसणार. पंधरा तारखेपर्यंत जागा आपली आहे. पण नियम असा की, जागेत माणूस झोपला पाहिजे. म्हणून पंधरा नंबरवर मी तंबू ठोकलाय आणि एक रात्र गाडीत, एक रात्र तंबूत झोपतो. पाठीचं वर सांगितलंच आहे.

मुलांना आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला शुभेच्छा.

आपला,
मर्ल

ता. क. येताना पाण्याचा लांब पाइप आणा, पंधराचा नळ दूर आहे. बटाटे आणू नका.

ता. क. दुसरा. 'मर्ल मला बोलावतोय' असा गैरसमज नको. बोलावणं नोरीनचं आहे, मी नुसता निरोप्या.

ता. क. तिसरा. तीन वर्षांपूर्वी मी गाडी मागे घेताना तुम्ही पाठीमागे उभे होतात आणि गाडी पाइनच्या झाडावर गेली. तुम्ही 'थांब' म्हणालाच नाहीत, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुम्ही दोनदा म्हणाला होतात. दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं. नोरीनलाही हे माहीत होतं. चौदा नंबरमध्ये गाडी अजून धड आत गेलेली नाही, तोंड रस्त्यात आहे, ट्रूडीबाई रोज बोलतात. मागे उभं राहायला कोणी नाही. तुम्ही या. या वेळी तुम्ही म्हणाल तिथे थांबेन.