घट्टे असतील त्यालाच मत

मखमलाबाद, नाशिक
घटस्थापनेला आठ दिवस

प्रिय सृष्टी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. गुलाबाला कळ्या चांगल्या आहेत, झेंडू दसऱ्याला बरोबर फुलेल असं दिसतंय, आणि द्वारका चौकातला ट्रॅफिक तू गेलीस तेव्हा जिथे उभा होता तिथेच अजून उभा आहे. रोज संध्याकाळी आपण फोनवर बोलतो, मग आईला पत्राची हुक्की कुठून आली असं तुला वाटेल. कारण असं की तुझ्या नानांनी माझ्याकडून वचन घेतलंय, एक गोष्ट सृष्टीला फोनवर सांगायची नाही. मी वचन पाळणारी बाई आहे. फोनवर सांगणार नाही. पत्राचं ते काही बोलले नव्हते, ती त्यांची चूक.

तू आणि नाना एकमेकांशी बोलला नाहीत त्याला या दसऱ्याला वर्ष होईल. लोकांच्या घरी बाप-लेकीचं बिनसतं ते लग्नावरून, नाहीतर जमिनीवरून. आपल्याकडे बिनसलं ते आजच्या घडीला जगातला सगळ्यात चांगला रॉक गिटारिस्ट कोण यावरून. हे मी माहेरी सटाण्याला सांगूसुद्धा शकत नाही. तुझी मालनमावशी विचारते, "पोर दिवाळीले काबर नही उनी?" मी सांगते, बंगळूरला ऑफिसात काम फार असतं, म्हणून नाही आली. काय सांगू तिला? एका गोऱ्या दाढीवाल्यावरून आणि दुसऱ्या गोऱ्या दाढीवाल्यावरून आमच्या घरात अबोला आहे म्हणून?

मला बघायला आले होते तेव्हा मी तुझ्या नानांचे हात बघितले होते. डाव्या हाताच्या बोटांची टोकं अशी टणक, की मला वाटलं, बरं झालं, मुलगा कष्टाळू आहे. ते घट्टे कुदळीचे नव्हते, गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून पडलेले होते, हे लग्नानंतर कळलं. तोवर उशीर झाला होता. मग तू झालीस, आणि आठव्या वर्षी तूही त्याच मार्गाला लागलीस. दर खंडेनवमीला ओट्यावर कुदळ, विळे, फुलं कापायच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि त्यांच्या शेजारी दोन गिटारी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ. त्या दिवशी कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून तुम्ही दोघं मोकळ्या हातांनी वाद घालत बसायचा. फुलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दहा गिटारिस्टांची नावं. हयात असलेल्यांनाच जागा, गेलेल्यांचे फोटो पॅकिंगच्या खोलीत, त्यांना वर्षाला एक हार. आणि सगळ्यात वर नानांच्या अक्षरात तो नियम, ज्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे असतील त्यालाच मत. मत द्यायच्या आधी तुम्ही एकमेकांची बोटं दाबून बघायचा, जसे काही डॉक्टरच.

मी एकदा म्हटलं होतं, माझ्या हातांना पंचवीस वर्षांचे गुलाबाचे काटे आहेत, मला मत का नाही? तेव्हा दोघं एका सुरात म्हणालात, काटे चालणार नाहीत. एवढ्याच एका गोष्टीवर तुमचं आजवर एकमत झालंय. मी चहा टाकायला आत गेले. पण मनात ठेवलं होतं.

मत नसलं म्हणून कान नाहीत असं नाही हं. पंधरा वर्षं मी फुलांच्या गड्ड्या बांधता बांधता हे सगळं ऐकत आलेय. तो टॉम मोरेलो गिटारीतून असले आवाज काढतो की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कोंबड्या बघायला बाहेर पळाले होते. जॅक व्हाइट चिडून वाजवतो, त्याला कुणीतरी वेळेवर जेवायला घातलं पाहिजे. नानांचा गुथ्री गोवन, तो केस-दाढी वाढवलेला, त्र्यंबकेश्वरला कुंभात आला तर त्याला कुणी हटकणार नाही, सरळ आखाड्यात जागा देतील. पण त्याची बोटं म्हणजे बोटं आहेत, एवढं मलाही दिसतं. आणि तुझा डेरेक ट्रक्स, बोटात काचेची नळी घालून ती तारांवरून फिरवणारा. उभा राहतो तो बँकेच्या रांगेत उभा राहिल्यासारखा, ना हलत ना डुलत, पण गिटार अशी गाते की हातातली गड्डी हातातच राहते.

गेल्या वर्षी त्याला पहिल्या नंबरावर बसवायचं म्हणून तू बंगळूरला सबंध वर्ष ती काच फिरवायला शिकलीस. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर ओट्यावर बसून वाजवलंस. मी दारात उभी होते, माझे डोळे भरून आले होते. आणि नाना म्हणाले, "बाटली घासणं म्हणजे वाजवणं नाय." तुझा चेहरा मला अजून दिसतो. त्यावर तूही काही कमी बोलली नाहीस. नाना, तुम्हाला ऐकता येत नाही, नुसतं मोजता येतं, किती सूर किती वेगात, असं म्हणालीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. चूक त्यांचीच होती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते. पण तुझं वाक्य त्यांना लागलं, कारण ते थोडं खरं होतं.

मग जानेवारीत तू त्यांना स्वतःहून मेसेज केलास, नवीन एका मुलीचं नाव यादीत घ्या म्हणून. तुझ्या बाजूने तो समेटाचा हात होता, हे मला कळत होतं. त्यांनी उत्तर दिलं, यादी बंद. दोनच शब्द. फोनवर मला सांगताना तुझा आवाज कसा झाला होता! नानांनी माझ्यामुळे यादीच बंद केली, असं तू म्हणालीस, आणि मी वचनात अडकलेली, नुसती हं हं करत राहिले. आता ऐक.

डिसेंबरात नाना गुलाबाची कलमं करत होते, चाकूने डोळे भरत होते. तुला ठाऊक आहे, त्या कामाला त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही. एक फाटा हलला आणि चाकू डाव्या हाताच्या अनामिकेवर बसला. टाके पडले, जखम भरली, पण आतली शीर तुटली होती ती जोडूनही नीट धरली नाही. ते बोट आता वाकत नाही. एरवी काही अडत नाही, जेवतात, गाडी चालवतात, कात्री धरतात. गिटार तेवढी वाजत नाही. महिन्याभरात बोटांची टोकं मऊ पडली. आणि नियम त्यांचाच, घट्टे नाहीत त्याला मत नाही. पुठ्ठा त्यांनी स्वतः भिंतीवरून काढून कपाटामागे ठेवला. यादी तुझ्यामुळे बंद झाली नाही गं. मत गेलेला माणूस काय यादी चालवणार? मी म्हटलं, पोरीला सांगा. तर म्हणाले, आधीच तिला बोलून बसलोय, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि माझ्याकडून वचन घेतलं.

त्यानंतर घर असं गप्प झालं की मला ते सोसेना. टीव्ही लावून बघितला, भजनाच्या मंडळात जाऊन बघितलं. शेवटी काय केलं ते पुढे सांगते, आधी मोटारीची गंमत ऐक.

जुलैपासून दुपारी पॉलिहाऊसच्या मागच्या बाजूने एक आवाज यायला लागला. कण्हल्यासारखा, मधेच कर्रर्र करून थांबणारा. मी म्हटलं, पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलं. फकिरा मिस्त्रीला बोलावलं. त्याने मोटार खोलली, बघितली, परत बसवली. म्हणाला, "वहिनी, मोटार एकदम कडक हाय. तुमी कान दाखवा." दोन दिवसांनी आवाज परत सुरू. त्यात धुवायला टाकलेल्या नानांच्या पँटच्या खिशात मला काचेची एक छोटी बाटली सापडली, बूड कापलेली. मी वास घेऊन बघितला. मग कलाबाईला विचारलं, तर ती फुलं तोडता तोडता म्हणाली, "आवं, बूड नसलेल्या बाटलीतून कोन पितंय?" ते मला पटलं.

तेव्हा मी दुपारी हळूच मागे गेले. खतांच्या गोण्यांवर तुझे नाना बसलेले, मांडीवर गिटार, त्या न वाकणाऱ्या बोटात ती बाटली, आणि समोर टेकवलेल्या मोबाइलवर कोण असेल? तुझा बँकेच्या रांगेतला माणूस. जो माणूस वर्षापूर्वी म्हणाला होता की हे वाजवणंच नाय, तो त्याच्याकडे बघून बाटली घासत होता, आणि घासणंसुद्धा जमत नव्हतं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. पदर तोंडात धरून तशीच मागे फिरले. बोट सरळच राहतं ना आता, सरळ बोटात ती नळी अशी बसली होती जशी मापाने केलेली. पण ते काच तारेवर दाबतात. दाबायची नसते, नुसती टेकवायची असते, असं तू त्या दिवशी ओट्यावर सांगत होतीस. मला आठवतंय. आणि तारा तू वेगळ्या लावून घेतल्या होत्यास, तेही त्यांना ठाऊक नाही. मी सांगू शकले असते, पण मग मी बघितलं हे कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर ते माझं सांगणं नव्हे. ते तुझं सांगणं आहे. तुला विचारायची त्यांची हिंमत होत नाहीये. मरतील पण विचारणार नाहीत, तुला तुझे नाना माहीत आहेत, आणि मला तू माहीत आहेस, तूही तसलीच.

आता माझं. एप्रिलपासून मी आठवड्यातून दोनदा फुलबाजारात माल उतरवला की कॉलेज रोडला जाते. तिथे स्नेहल नावाची मुलगी गिटारीचा क्लास घेते, तुझ्याच वयाची असेल. वर्गात बाकी सगळी चौथी-पाचवीतली पोरं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कुणाची तरी आजी आहे, डबा द्यायला आलेय. नानांना मी सांगते की शिंप्याकडे जातेय, ब्लाऊज टाकलाय. परवा म्हणाले, सहा महिन्यांत किती ब्लाऊज शिवलेस गं? मी म्हटलं, फिटिंग बसत नाहीये. पहिला महिना बोटांची आग आग व्हायची, पोळी उलटताना जीव जायचा. आता चार कॉर्ड येतात. पाचवा येत नाही, पण स्नेहल म्हणते तो कुणालाच येत नाही.

आणि काल रात्रीची भांडी घासताना मला जाणवलं, गरम पाण्याचा चटका डाव्या बोटांना लागलाच नाही. टोकं दाबून बघितली. टणक. चारही बोटं. सृष्टी, मी त्या मोरीपाशी एकटीच हसत उभी राहिले.

म्हणून हे पत्र, बाळा. मी मतदार झाले, आणि माझं पहिलं मत तुला कळवते आहे. तू खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ये. त्यांच्या बोटात ती बाटली नीट बसव, तारा लावून दे, त्यांना काही न विचारता. जमायला वेळ लागेल, पण काचेबरोबर बाकीची बोटंही तारांवर पडतील, टोकं परत टणक होतील, मत परत येईल, आणि ते कुणाला जाईल हे मी त्या गोण्यांमागे उभी राहून बघून आलेय. तुझं मत तिकडेच, त्यांचंही तिकडेच. मनातलं विचारशील तर माझंही तिकडेच आहे, त्याच्याइतकं मला कुणी रडवलेलं नाही. पण तिघांचं एकमत झालं तर या घरात परत बोलायला काय उरेल? एक वर्ष मी ती शांतता ऐकली, पुरे झाली. पुठ्ठा मी कपाटामागून काढून, पुसून, परत भिंतीवर लावलाय. माझं मत त्या कुंभातल्या दाढीवाल्याला, गुथ्री गोवनला. मी एकटी आहे, पण तसूभरही हटणार नाही. या आता बाप-लेक एका बाजूला, आणि मला हरवून दाखवा.

तुझीच, आणि मतापुरती तुझ्या विरोधातली,
आई