ताईची साखर

पिंपरी, १२ जानेवारी १९८२

सौ. चारुताईस,
मृदुलाचा सा. न. वि. वि.

परवा तू इथे आलीस तेव्हा दोघींनी दिलेल्या रक्ताचे रिपोर्ट आले. तुझी उपाशीपोटीची साखर ११२, माझी १६८. जेवणं झाल्यावर ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही मोठ्याने वाचले, आधी तुझा. मग म्हणाले, ताईंकडून काही शिक. मला फार राग आला. आईचा मधुमेह आपण दोघींनी सारखाच उचलला. मी कारल्याचा रस पिते, कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारते, भाताकडे बघत नाही. तू मात्र तुझ्या इंद्रायणीच्या साखरपुड्यात जिलब्या हाणल्यास. आईसुद्धा शहाणी म्हणून तुलाच मिरवायची, आता रक्तही तुझंच शहाणं.

डॉक्टरांनी या खेपेला दोघींचं रक्त आणखी दोन तपासण्यांसाठी पुण्याला पाठवलंय. एक कोलेस्टेरॉलची, म्हणजे रक्तातल्या चरबीची. दुसरी अगदी नवीन आहे. त्यातही तूच पहिली येशील म्हणा.

जळते तरी तुझीच,
मृदुला

राजगुरुनगर, २० जानेवारी

चि. सौ. मृदुलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. अगं, मनावर ताबा लागतो. फेऱ्या मारून आल्यावर तू चिवड्याचा डबा उघडतेस, ते मला माहीत नाही का? आणि तुला कमी काय आहे? कंपनीचं क्वार्टर, दारात नळ, गॅस, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सोबत फिरायला येणारा नवरा. इथे ह्यांना शाळेतून आल्यावर माझ्याकडे बघायला सवड नसते. एक साखर तेवढी माझी चांगली येते, तीही तुला बघवेना.

बाकी सगळं ठीक. साखरपुड्याला घेतलेली चप्पल उजव्या अंगठ्याला चावली, ती जखम अजून भरत नाही. हळद लावते. दुखत नाही, म्हणून काळजी करत नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
ताई

पिंपरी, ३ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न.

पुण्याचे रिपोर्ट आले. ती नवी तपासणी एका दिवसाची साखर सांगत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सांगते. माझी बरी निघाली. तुझी फार वाईट, आणि कोलेस्टेरॉलही माझ्यापेक्षा वरचढ.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ह्यांना दोनदा वाचायला लावलं. मग मी डॉक्टरांकडे मिरवायला गेले. ते हसले नाहीत. म्हणाले, पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं तसं काही जण तपासणीआधी आठवडाभर खाणं आवरतात. त्या दिवशीची साखर उतरते, पण रक्तवाहिन्या फसत नाहीत. तेव्हा इंद्रायणी बोलून गेली होती ते आठवलं, की मावशीकडे जायचं ठरलं की आई आठवडाभर नुसत्या भाजीवर राहते. मला वाटायचं, माझ्या हातच्या जेवणासाठी भूक राखतेस.

डॉक्टरांनी विचारलं, त्यांच्या पायाला जखम वगैरे आहे का? मी चपलेचं सांगितलं, दुखत नाही हेही सांगितलं. त्यावर ते एवढंच बोलले, "दुखत नाही, हेच वाईट." माझा आनंद तिथेच संपला. ताई, आईचा पाय असाच न दुखता गेला. आधी अंगठा, मग गुडघ्याखाली सगळा. मिळेल त्या एस.टी.ने ये.

वाट बघणारी,
मृदुला

राजगुरुनगर, ७ फेब्रुवारी

चि. सौ. मृदुलास,
आशीर्वाद.

इंद्रायणीच्या तोंडाला कुलूप लावायला हवं होतं. हो, राहते मी भाजीवर. तुझ्या घरात, अनंतरावांच्या तोंडून, तुझ्यापेक्षा वाईट आकडा ऐकणं मला झेपलं नसतं. घर, नवरा, सगळं तुला सरस मिळालं. तू माझ्यावर जळावंस अशी ही एकच गोष्ट माझ्याकडे होती.

अंगठा काळा पडलाय. ह्यांना दिसू नये म्हणून घरात पायमोजे घालते. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

परवा पहिल्या गाडीने निघते. या खेपेला काही सोडलेलं नाही. काल शेजारच्या सोजरबाईंनी दिलेला शिराही खाल्ला. जे आहे तेच रक्त घेऊन येते. फक्त अनंतरावांना सांग, रिपोर्ट मोठ्याने वाचू नका म्हणावं. तू वाच, आणि मला एकटीला सांग.

लोभ आहे, जळफळाटही आहे. दोन्ही राहू दे.
तुझी,
ताई