पाठीवरचा हात

शुक्रवार, दिवेलागण. तेर.

फायनल हरून कालच घरी आलो. आज अंगणात आप्पा आणि बहीण सुवर्णा यांचा वाद रंगला होता, कुठला कप जिंकणं सगळ्यात अवघड?

"फुटबॉलचा," आप्पा म्हणाले. "सगळं जग खेळतंय."

"न्हाय आप्पा, क्रिकेटचा. एक दिवस वाईट गेला की संपलं!"

मला कुणी विचारलं नाही. बरंच झालं.

मी खो-खोवाला. आमचा कप सगळ्यात अवघड, कारण... कसं सांगू? शेवटी त्यांचा एकच गडी उरला होता. तो माझ्या समोरून, हाताच्या अंतरावरून गेला. पण पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं. मी चौकोनात तसाच उकिडवा बसून राहिलो. हात आलाच नाही. शिट्टी झाली.

पाठीची तेवढी जागा अजून वाट बघतीय. आज तेरणा नदीकडून वारं आलं, तरी वाटलं, आला का?

मग मागून खरंच हात आला. आईचा. "ऊठ की, भाकरी गार व्हायलीय."

मी ताडकन उठलो आणि थेट फाटकापर्यंत पळालो. पुढं नुसता रिकामा रस्ता.