आई धान्य खात नाही

सिरसाळा,
मंगळवार, १८ मार्च २०२५

प्रिय रुद्राणी अक्का,

शरणार्थ. तू, वीरेश भाऊजी आणि तुझ्या सासूबाई खुशाल असाल. अप्पांचं दुकान नेहमीसारखं चालू आहे. आईही बरी आहे, असं लिहून मी आत्ताच खोडलंय. खोडलेलं तुला दिसेलच.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. आईनं तुला काही कळवायचं नाही अशी शपथ घातली होती. ती मी मोडते आहे. महाशिवरात्रीला परळीहून दर्शन करून आली आणि दारातच म्हणाली, "माझ्या दोघी लेकी एका ताटात जेवस्तवर मी धान्याला शिवणार न्हाई." तेव्हापासून नुसता फराळ. माझ्या हिशेबानं आज एकविसावा दिवस.

आता सांग, पोषणशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलीनं काय करावं? साबुदाण्यावर मी तिला जगू देणार नव्हते. रताळं त्यातल्या त्यात बरं. मी कंबर कसली. सालासकट वाफवून, जिरं-मिरची लावून ताकात कालवली. आई वाटीत बघत राहिली. "कावून गं, चांगल्या रताळ्याला बुडवलंस?" किसून दाण्याचा कूट घालून परतली, तर म्हणाली, "कीस बरा हाय, पण दात काय कामाचे मग?" तव्यावर थेंबभर तुपात काप भाजले, वर लिंबू पिळलं. ते खाल्ले, पण शेजारच्या भिमाबाईंना ऐकू जाईल असं म्हणाली, "लई शिकली माझी पोरगी. आता रताळ्याला तरी सोड म्हणावं."

अप्पा हसतात. परवा रताळ्यांचं पोतं खाली ठेवत म्हणाले, "वर्षे, तुझ्या त्या डिग्रीत भांडण मिटवायचा धडा नव्हता का गं?"

मी संतापानं पोतं ओढत कोठीत नेलं.

त्यात माझ्या हातून एक उद्योग झाला. अकराव्या दिवशी आईला कोठीत चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, भाकरी सुरू करा. तिनं ऐकलं नाही. मग मी भगरीच्या पिठात उकडलेलं रताळं मळलं, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घातलं आणि थालीपीठ लावलं. कोथिंबीर, मिरची, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या घासाला ती थांबली. चाळीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला ज्वारी कळणार नाही, असं मला कसं वाटलं कोण जाणे. ओरडली नाही. ताट सरकवलं, चूळ भरली आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. भगरही सोडली. "पिठात तू काय मिसळशील त्याचा नेम न्हाई. रताळं मला दिसतं तरी." आता मी फक्त चकत्या करते. चकतीत काही लपत नाही.

मी अंगणवाडीत आयांना चौरस आहार शिकवते, अक्का. तिथं तक्त्यावर काठी ठेवून भाकरीचं चित्र दाखवताना माझी जीभ अडखळते.

इतकं लिहिलं, आणि मुद्दा टाळतेच आहे. संक्रांतीला तुम्ही तिघं इथं आलात आणि तू आईसाठी गुळाच्या पाकातली रताळी केलीस. मी भाऊजींसमोर, तुझ्या सासूबाईंसमोर म्हणाले, "एवढा गूळ? अडाण्यासारखं काय करतेस?" तू चुलीशेजारच्या ओलाण्यावरचं भांडं खाली उतरवलंस आणि त्याच दुपारी निघालीस. लोक विचारतात तेव्हा मी सांगते, अक्काला राग फार. पण मला परळीच्या कॉलेजला जाता यावं म्हणून दहावीनंतर घरात कोण थांबलं, ते मी सांगत नाही. पहाटे माझा डबा कोण भरायचं, तेही नाही.

काल मी पाक करून बघितला. पुस्तकात बघून, वेळ लावून. गूळ असा कडक झाला की चकत्या उलथन्यानं खरवडाव्या लागल्या. आईनं एक तुकडा बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "रुद्राणीचा न्हाई ह्यो." मग तोंड फिरवून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

तुला आणायला मी जावं, एवढंच तिचं मागणं होतं. ते सोडून मी रताळ्याचे प्रकार करत बसले.

सोमेश्वर काका उद्या तुमच्याकडे केजला येताहेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते. आधी चिठ्ठी, कारण तुझ्या तोंडावर हे सगळं मला बोलता येणार नाही. गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी येते. भाऊजी आणि सासूबाई घरात असू देत. जे त्यांच्यासमोर बोलले, त्याची माफी त्यांच्यासमोरच मागायची आहे. सोबत यायचं की नाही, ते तू तेव्हा ठरव.

आलीस तर पाक तू कर, मी शेजारी उभी राहून बघेन. गूळ किती, ते विचारणार नाही. ज्वारी दळून ठेवली आहे.

तुझी अडाणी,
वर्षाराणी