एका तालमीच्या दोघी

५ नोव्हेंबर, बुधवार

सही केली! महिना बारा हजार, वर्षभर. दूध-पावडरच्या कंपनीनं अख्ख्या निपाणीत कॉलेजची एकच पैलवान निवडली — मी. बेंगळूरहून आलेला त्यांचा माणूस, स्वरूप, आठवर अडून बसलेला. म्हटलं, सर, विद्यापीठाचं सुवर्ण आठ हजारांत मिळत नसतंय. कन्नडातच सुनावलं. हसला, बारा लिहिले. ताणलं असतं तर पंधराबी दिले असते.

दहाच्या दहा अटी वाचल्या. जॅकेटवर त्यांचं नाव, महिन्याला दोन व्हिडिओ, त्यांच्या मैदानात ते लावतील ती कुस्ती. न्हाय खेळलं तर करार रद्द. ह्यात भ्यायचं काय? लावा कुणाशीबी.

९ नोव्हेंबर, रविवार

खुराक सुरू. माधवीला निम्मे बदाम दिले. सहा वर्षं वस्तादांच्या तालमीत आम्ही दोघीच पोरी, रोज पहाटे एकमेकींना पाडतोय. म्हणते, "पारू, पदक माझं असतं तर तुला एकबी दिला नसता." खोटारडी. खाल्ले मात्र सगळे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोस्टर आलं. ३० तारखेला बोरगावला कंपनीचं मैदान. महिलांची मुख्य कुस्ती — पारमिता विरुद्ध माधवी.

डोकंच फिरलं. एका तालमीच्या दोघींची मैदानात कुस्ती लागत न्हाय. इथल्या शेंबड्या पोराला ठावं हाय. सरावात कितीबी पाडा, पण लोकांसमोर, इनामासाठी — न्हाय. स्वरूपला फोन लावला. "मॅडम, हे करारात कुठं आहे?"

कुठंच न्हाय. हे कुणी कागदावर लिहितं व्हय? दहा अटी वाचल्या म्हणून मिरवत होतो. अकरावी मीच घालायची होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ज्योतिबा वस्ताद एवढंच म्हणाले, "कागद तुझा, तालीम माझी. काय ते तू ठरीव." माधवी शेजारीच उभी होती. मग खोरं घेऊन माती उकरायला लागली. मला तिचाच राग आला, उगाच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. स्वरूपला सोमवारी नको म्हणून कळवायचं. वस्तादांना आणि माधवीला सांगून टाकलं. करार गेला तर गेला. पुढच्या वर्षी दुसरी कंपनी येईल, माझी कुस्ती काय कुठं पळून जात न्हाय.

आई म्हणाली, "बरं केलंस. दूध परत एक लिटरवर आणू." मग लगेच भांडी घासायला बसली, घासलेलीच.

वाईट वाटतंय. लई वाटतंय. पण ह्यात चुकलो न्हाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

माधवी पहाटे आलीच न्हाय. फोन केला.

"काल संकेश्वरच्या तालमीत नाव घातलं. आधी वस्तादांच्या पाया पडून आलो. आता आपण एका तालमीच्या न्हाय, आता लागती कुस्ती. स्वरूपला काय कळवू नको. आणि पारू, हात हलका धरलास तर परत तोंड दाखवू नको."

मी एकटीनंच जोर मारले.